ऐकली तेवढीच

रान बंद होणार हे सुनेला कळलं तेव्हा तिच्या हातात विळा होता आणि समोर ओला दगड. नवरा दारातच थांबला. गुडघ्यापर्यंत चिखल, खांद्यावर पाणकणसाचा भारा तसाच.

"किनरी पाखरांची मोजणी यंदा विसावर आली नाही, तर तीन वर्षं पात्याला हात लावायचा नाही," तो म्हणाला. "खात्याचा कागद लागलाय धक्क्यावर."

"गेल्या वर्षी किती होती?"

"अकरा."

ती धार लावायची थांबली नाही. हाताला एकदा लय लागली की बातमी कानावरून जाते आणि हात आपले चालत राहतात. मग मात्र तिनं विळा खाली ठेवला.

"आणि मोजणार कोण?"

"कोण म्हणजे? आपलाच म्हातारा."

घर पाणकणसावर उभं होतं. छपराला तेच, कुडाला तेच, अंथरायला तेच आणि पोटालाही तेच. पाणी ओसरलं की नवरा होडी घेऊन रानात शिरायचा, मांडीइतक्या गार पाण्यात उभा राहून पात्याच्या बुडाशी विळा घालायचा, आणि संध्याकाळी परत यायचा तेव्हा पायांची बोटं पांढरी पडून सुरकुतलेली असायची. आणलेलं पातं सून आणि सासू अंगणात वाळवायच्या, चिरायच्या, मागावर चटया विणायच्या. सुनेच्या दोन्ही तर्जन्यांवर बारीक आडव्या रेघा होत्या. जुन्या भरायच्या आत नव्या पडत.

म्हातारा, म्हणजे तिचे मामंजी, एके काळी या रानातले सगळ्यांत चपळ कापणारे. आता गुडघे गेले होते. एकतीस वर्षांपूर्वी पाणथळ खात्याचा एक माणूस विचारत आला होता, किनरी आवाजावरून ओळखणारं कोणी आहे का. मामंजी ओळखत होते. मातकट रंगाचं, अंगठ्याएवढं पाखरू. दाट पात्यांत उंदरासारखं पळतं, दिसत जवळजवळ नाहीच. म्हणून मोजायची ती कानानं. तेव्हापासून दर वर्षी थंडी सरली की दोन पहाटे मामंजी रानाच्या कडेनं जात, ठरलेल्या बारा ठिकाणी थांबत, प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटं, आणि ऐकू आलेल्या प्रत्येक किनरीमागे सुतळीला एक गाठ मारत. दोन पहाटांतला मोठा आकडा कागदावर चढायचा. गावानं त्यांचं नाव मोजणीदार पाडलं होतं. जमीन मोजायला येतो तो मोजणीदार वेगळा. त्याला लोक घाबरत. यांना हसत.

धक्क्यावरच्या गोदामात सभा भरली. खात्याच्या बाई तरुण होत्या, बारीक आवाजाच्या. भिंतीवर पांढरं कापड लावून त्यांनी एक रेघ दाखवली. डावीकडे उंचावर बासष्ट. मग अठ्ठावन्न. मधे दोन वर्षं जराशी वर, आणि पुढे जिना उतरावा तशी खाली. शेवटच्या पायरीवर अकरा.

"ही सगळी या काकांची मेहनत आहे," बाई म्हणाल्या.

सगळ्यांनी वळून मोजणीदाराकडे पाहिलं. त्या पाहण्यात मेहनतीचं कौतुक फारसं नव्हतं.

"म्हणजे आमच्या विळ्यानं पाखरू संपलं?" होडीवाल्यानं विचारलं. "वर पंप लावून पाणी उपसतात, त्याचं काय? शेतांतली फवारणी वाहून येते, त्याचं काय?"

"तेही आहे," बाई म्हणाल्या. "पण आमच्या हातात तेवढी कापणी आहे."

बाई येऊन मामंजींच्या शेजारी बाकावर बसल्या. "काका, ऐकायला काही त्रास होतो का?"

"सहाला," मामंजी म्हणाले. "उजाडायच्या जरा आधी निघतो."

गोदाम हसलं. "बाईमाणसाचं त्यांना ऐकू येत नाही, मॅडम," होडीवाला म्हणाला. "चाळीस वर्षं संसार उगाच नाही टिकला."

सासूही हसली. तो विनोद मुळात तिचाच. पुरुषांचं मामंजींना सगळं ऐकू यायचं, पलीकडच्या खोलीत मुलगा खाकरला तरी. बायकोनं मात्र चारदा हाक मारली की एकदा 'ओ'. "गाळणी आहे कानात," सासू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "माझं तेवढं गाळून ऐकतात."

बाई हसल्या नाहीत. पण दुसऱ्यांदा विचारलंही नाही.

पहिली पहाट

मागच्या वर्षी मामंजी फळीवरून घसरले होते, म्हणून यंदा कोणीतरी सोबत हवं. "तू जा," सासू सुनेला म्हणाली. "मी गेले तर वाटेभर भांडणं. पाखरं उडून जातील."

सून अकरा वर्षांपूर्वी माळावरच्या कोरड्या गावातून इथं आली होती. विणायला इथंच शिकली. मोजणीला कधी गेली नव्हती.

"वाटेवर हवं तेवढं बोल," मामंजींनी बजावलं. "थांब्यावर तोंड उघडायचं नाही. आणि मी ऐकली तेवढीच. दुसऱ्यानं ऐकलेली नाही, नुसती दिसलेली नाही, काल होती तीही नाही."

"बरं," ती म्हणाली. ते आधीच पुढे निघाले होते.

थांबा पहिला. गाठ नाही.

थांबा दुसरा. गाठ नाही.

थांबा तिसरा. इथं वाट अगदी पात्यांना घासून जात होती. मामंजींनी मान तिरकी केली, तोंड किंचित उघडं, आणि मग बोट वर केलं. ही. बोटाच्या दिशेला, हातभर अंतरावर, पात्यांच्या आत काहीतरी वाजत होतं. लांब कुठेतरी शिलाईयंत्राचं चाक फिरत राहावं आणि थांबूच नये, तसं. बारीक, सुईच्या नेढ्यातून ओढून काढल्यासारखं. त्यांनी गाठ मारली.

वाटेला लागल्यावर ती म्हणाली, "मामंजी, हा तर किडा."

"काय?"

"किडा. मला वाटायचं, किडा आहे."

"सगळ्यांना तसंच वाटतं," ते खूश होऊन म्हणाले. "म्हणून तर सगळ्यांना मोजता येत नाही."

अकरा वर्षं तिनं हा आवाज ऐकला होता. अंगणात चटई विणताना, धुणं वाळत घालताना, पहिल्या बाळंतपणात खाटेवर पडल्या पडल्या. किडा म्हणून सोडून दिला होता.

थांबा चौथा. डावीकडे एक. पाण्यापलीकडे एक. आणि खूप आत, असून नसल्यासारखी, आणखी एक. आता ओळख पटल्यावर ती चुकवताच येईना. तिनं मामंजींच्या बोटांकडे पाहिलं. बोटं सुतळीवर स्वस्थ होती. पाच मिनिटं झाली.

गाठ नाही.

तिला वाटलं, काही नियम असेल. पाण्यापलीकडची धरत नसतील. गाताना थांबली नाही तर धरत नसतील. ज्याचं काम त्याला ठाऊक.

थांबा पाचवा. एक गाठ. (दोन होत्या.)

थांबा सहावा. गाठ नाही. (दोन.)

"मामंजी," तिनं वाटेवर विचारलं, मोठ्यानं, "लांबच्या धरत नाही का?"

"धरतो की. पूर्वी पलीकडच्या काठावरची धरायचो. आता तिकडे राहिलीच नाहीत."

तिकडूनच त्या वेळी एक वाजत होती.

तिच्या हातांना काम नसलं की ते स्वतःच शोधतात. वाटेवरचं एक पातं केव्हा ओढून घेतलं, केव्हा त्याची पट्टी चिरली, तिलाच कळलं नाही. सातव्या थांब्यापासून ती एकेका आवाजाला पट्टीवर एक घडी घालत गेली. घरी आली तेव्हा मामंजींच्या सुतळीला सात गाठी होत्या. तिच्या पट्टीवर, मागच्या आठवून घातलेल्या धरून, सोळा घड्या.

नवऱ्यानं सुतळी पाहिली आणि भाकरी तशीच ठेवून उठला.

मधले पंधरा दिवस

चुलीवर किटली होती, शिट्टी वाजणारी. दुसऱ्या दिवशी सून ती भरून चुलीवर ठेवून अंगणात गेली. मामंजी चुलीपाशीच बसून सुतळीला पीळ देत होते. किटली वाजू लागली. वाजत राहिली. शेजारचं कुत्रं उठून बसलं. झाकण थडथडायला लागलं तेव्हा मामंजींनी मान वळवली, वाफ पाहिली, आणि फडक्यानं किटली खाली उतरवली.

सासू मागावर होती. तिनं सुनेकडे पाहिलं. सून दारातून आत आली आणि पातं चिरायला बसली. विणकरणी गप्प बसू शकतात. हातांचा आवाज असतो मधे.

"पाखराचंही तसंच?" सासूनं विचारलं.

"जवळची ऐकू येते. लांबची नाही."

सासूनं पातं आत घातलं, ठोकलं, दुसरं घेतलं. "आणि मी हसत राहिले गं," ती म्हणाली. "चारचौघांत."

थोड्या वेळानं म्हणाली, "त्यांना सांगू नकोस. त्यांच्यापाशी दुसरं काय आहे?"

आणि आणखी दोन ओळी विणून झाल्यावर, मागाकडेच पाहत: "आपल्यापाशी तरी दुसरं काय आहे?"

कापणी जोरात होती. पुढे बंद होणार म्हणून सगळेच पहाटेपासून रानात होते, आणि घाईत माणसं जखमी होत होती. नवऱ्याच्या पोटरीला विळा लागला. त्यानं फडकं बांधलं आणि परत पाण्यात उतरला. संध्याकाळी तिनं फडकं सोडलं तर ते कातडीला चिकटलेलं. गरम पाणी घालून सोडवताना तो म्हणाला, "खडी फोडायच्या कामावर माणसं घेतायत. डोंगराकडे. ट्रक येतो न्यायला."

"अजून एक मोजणी आहे."

"सातचे वीस करणार का म्हातारा?"

तिनं नवं फडकं बांधलं, जरा घट्टच.

रोज विणताना तिचे कान रानात असत. हातांनी चटई, कानांनी मोजणी. सकाळी जास्त, ऊन चढलं की कमी, वारा असला तर मुळीच नाही. तिला एकेकीचा आवाज वेगळा कळायला लागला. विहिरीमागची मधेच अडखळायची. हे कोणाला सांगावं, तर सांगण्यासारखा एकच माणूस घरात होता.

दुसरी पहाट

बाहेर पडतानाच तिनं पट्टी चिरून घेतली. यंदाचा शेवटचा आकडा आज ठरणार होता.

थांबा पहिला. गाठ एक. घड्या दोन.
थांबा दुसरा. गाठ नाही. घडी एक.
थांबा तिसरा. गाठ एक. घड्या दोन.
थांबा चौथा. गाठी दोन. घड्या तीन.
थांबा पाचवा. गाठ नाही. घडी एक.
थांबा सहावा. गाठ नाही. घड्या दोन.
थांबा सातवा. गाठ एक, घडी एक. इथं दोघांचं जुळलं, आणि तिला उगाच रडू आलं.
थांबा आठवा. गाठ नाही. घड्या दोन.
थांबा नववा. गाठ नाही. घड्या दोन.

सोळा झाल्या होत्या. तीन थांबे राहिले होते. वीस होऊ शकत होते.

"रान मुकं झालं बघ," मामंजी वाटेवर म्हणाले. "मी पहिल्यांदा आलो तेव्हा गाठी मारता मारता बोटं दुखायची. पाच मिनिटं पुरायची नाहीत. कापलं आम्हीच. मी सगळ्यांत जास्त कापलं." थोडं चालून परत म्हणाले, "बंद करतायत ते बरोबरच आहे."

थांबा दहावा. जुन्या फळ्यांचा पूल. मामंजींनी कठडा धरला, घड्याळ पाहिलं. तिसऱ्या मिनिटाला, चार हातांवर, एक काडी वाकली आणि पाखरू पात्यांतून वर चढून आलं. उघड्यावर, सहसा येत नाही तसं. आवाज इतका समोरून आला की सुनेच्या दातांत झिणझिण्या उठल्या.

मामंजी त्याच्याकडेच पाहत होते. चेहरा उजळला होता. आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा ते थांब्यावर बोलले, अगदी हळू.

"आहे बघ. पण मुकी बसलीय."

सुतळी हातात तशीच.

"मामंजी, ती गातेय."

त्यांना ऐकू गेलं नाही. तेव्हा तिनं आवाज खाली उतरवला, छातीतून काढला, नवऱ्यासारखा जाड केला.

"ती गातेय, मामंजी."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग पाखराकडे. चोच उघडी होती. गळ्यावरची पिसं थरथरत होती, उकळी फुटलेल्या पाण्यासारखी, एकसारखी. पाखरानं मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, चोच उघडीच. मामंजींनी डाव्या कानाला हात लावला. मग उजव्या. मग हात खाली घेतला. पाच मिनिटं होऊन गेली, सहावं गेलं, घड्याळ कोणी पाहिलं नाही.

पाखरू आत उतरलं. फळीवरून पुढे जाताना मामंजींनी पहिल्यांदाच सुनेचा दंड धरला. खूप वेळानं विचारलं, "कधीपासून?"

"मला कसं कळणार?"

"आजचं सांग. पहिल्या थांब्यापासून."

तिनं पट्टी दिली. ते चालता चालता अंगठ्यानं एकेक घडी चाचपत गेले. सतराव्या घडीशी अंगठा थांबला. पट्टी त्यांनी परत केली, सुतळी खिशात घातली.

थांबा अकरावा. घडी एक. त्यांनी नुसतं घड्याळ धरलं.

थांबा बारावा. ती डोळे मिटून उभी राहिली. पाण्याचा आवाज. लांब होडीवर कोणाचं तरी वल्हं. तिच्या स्वतःच्या कानातलं रक्त. दोनच हव्या होत्या. एक खोकल्यासारखा आवाज आला, तो बेडकाचा. विहिरीमागची अडखळणारी तिला आठवली, इतकी स्पष्ट आठवली की ऐकू आल्यासारखी वाटली, पण ती विहिरीमागची होती आणि इथून विहीर कोसभर लांब.

"पाच झाली," मामंजी म्हणाले.

घडी नाही.

अठरा

संध्याकाळी नवऱ्याला सगळं कळलं, तेव्हा तो आधी हसला. मग हसू तसंच तोंडावर राहिलं.

"अठरा? आणि आम्ही सातावर रडत होतो?" तो म्हणाला. "मग आता दोनच ना हव्यात?"

त्यानं फळीवरून पट्टी उचलली. सून पाहत असताना त्यानं टोकाला एक घडी घातली, तिच्यापुढे दुसरी, आणि पट्टी बापापुढे ठेवली.

"वीस," तो मोठ्यानं म्हणाला. "आता लिहा."

मामंजींनी पट्टी घेतली. एका टोकापासून अंगठा फिरवत नेला. सकाळच्या घड्या वाळून करकरीत झाल्या होत्या.

"या दोन ओल्या आहेत," ते म्हणाले.

"बाबा, बहिरे आहात तुम्ही. वर्षानुवर्षं चुकीचं लिहिलंत. त्याच आकड्यांवर आमचं रान चाललंय. दोनानं काय बिघडतं?"

"असलेल्या सोडल्या असतील मी," मामंजी म्हणाले. "नसलेली एकही लिहिली नाही."

नवरा सुनेकडे वळला. "तू सांग. ऐकल्या का नाही ऐकल्यास, तुझ्या एका शब्दावर आहे."

तिला हो म्हणता आलं असतं. थांब्यावर तिच्या कानाला दुसरा साक्षीदार नव्हता. सगळी माणसं तिच्याकडे पाहत होती, सासूसुद्धा, हात मागावर ठेवून. विहिरीमागून ती अडखळती नेमकी तेव्हाच वाजायला लागली, आणि घरात ती एकट्या सुनेलाच... नाही, नवऱ्यालाही ऐकू येत होती, सासूलाही. पण त्यांच्यासाठी तो किडा होता.

"अठरा," ती म्हणाली.

नवरा उठून बाहेर गेला. "तुमच्या दोघांच्या खरेपणावर जेवा आता," तो अंगणातून म्हणाला. ते मामंजींना स्वच्छ ऐकू आलं.

कागदावर शेरा लिहायला दोन ओळींची जागा असते. एकतीस वर्षं ती कोरी गेली होती. मामंजींनी लिहिलं: 'मोजणाऱ्यास बारीक आवाज ऐकू येत नाही. कधीपासून ते सांगता येत नाही. हा आकडा सुनेच्या कानाचा.'

खात्याच्या बाईंनी शेरा दोनदा वाचला. या खेपेस त्या मामंजींच्या समोर बसल्या आणि सावकाश, आवाज जाड करून बोलल्या. सुनेनं त्यांना बाहेरच सांगून ठेवलं होतं.

"मग मागची ही रेघ?"

"कुठून मोडायची ते तुम्ही ठरवा."

"सुरुवातीचे बासष्ट तरी खरे?"

मामंजी विचारात पडले. "तेव्हा मी मधल्या रानात कापत असलो आणि बायकोनं घरून हाक मारली, तर मला ऐकू यायची."

बाईंनी ते लिहून घेतलं नाही. "म्हणजे कमी झाल्याच आहेत," त्या म्हणाल्या.

"झाल्याच आहेत. मी सांगत होतो तेवढ्या नाहीत."

सून दाराशी उभी होती. तिला वाटलं होतं, खरं बाहेर आलं की काहीतरी सुटेल, कोणाचं तरी. अठरा विसाच्या खाली होते. बाईंनी कागद वर पाठवला, शेऱ्यासकट, स्वतःच्या चार ओळींसकट. थंडीच्या तोंडावर उत्तर आलं. जुने आकडे बाजूला ठेवून मोजणी अठरापासून नव्यानं धरावी. रान तीन वर्षं बंद.

ट्रक सकाळी आला. नवऱ्यानं विळा तेलाच्या फडक्यात गुंडाळून वळचणीला खोचला. "महिन्याकाठी तेल देत जा," तो तिला म्हणाला. "गंजायला नको." बापाच्या पाया पडला नाही. पण ट्रकवर चढल्यावर जाड आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असा, "बाबा, येतो" म्हणाला, आणि मामंजींनी लगेच हात वर केला.

सासू आता मामंजींशी खालच्या पट्टीत बोलायला शिकत होती. पहिल्या दिवशी स्वतःचाच तो आवाज ऐकून तिला हसू फुटलं, आणि मग थांबेचना, आणि मग ते हसू राहिलं नाही. "काय झालं?" मामंजींनी विचारलं. "काही नाही," ती जाड आवाजात म्हणाली. "चाळीस वर्षांचं सांगायचं राहिलंय. कुठून सुरू करू?"

पुन्हा पहिली पहाट

न कापलेलं रान सुनेनं कधी पाहिलं नव्हतं. जुनी पाती वाळून, मोडून, एकमेकांवर पडली होती, त्यांतून नवी वर येत होती. वाट शोधावी लागत होती. मोजणीदार आता ती होती. होडीवाल्याचं तिला तशी हाक मारून चिडवूनही झालं होतं. मामंजींना येण्याचं कारण नव्हतं. ते दारात काठी घेऊन आधीच उभे होते.

पहिल्या थांब्यापाशी त्यांनी एक लांब काडी मोडली, पाती सोलली, आणि एक टोक तिच्या हातात दिलं. दुसरं आपल्या.

"थांब्यावर बोलायचं नाही," ते म्हणाले. "एकीला एक झटका."

थांबा पहिला. तिनं काडीला झटका दिला. मग दुसरा. मामंजींनी डोळे मिटले होते.

थांबा दुसरा. एक.

थांबा तिसरा. काही नाही. नवी पाती दाट, वारा समोरून. ती कान टवकारून उभी होती. दुसरं मिनिट, तिसरं. तेवढ्यात काडीला पलीकडून झटका बसला.

तिनं पाहिलं. मामंजींचे डोळे उघडे होते आणि समोरच्या गचपणात खिळले होते. तिथं, मोडलेल्या पात्यांच्या वर, अंगठ्याएवढं काहीतरी बसलं होतं. चोच उघडी. गळा थरथरत होता.

तिला काही ऐकू येत नव्हतं. वारा आवाज उलटा नेत होता. तिनं मान हलवली: ऐकली तेवढीच. मामंजींनीही मान हलवली, नियम त्यांचाच होता. दोघं काडी धरून उभे राहिले. घड्याळाचा काटा पाचव्या मिनिटात शिरला.

मग वारा पडला.

तिनं पट्टीला घडी घातली, आणि काडीला एक झटका परत दिला.